संतानवाडीतली पहिली वायर

ऑस्वाल्डने उभ्या आयुष्यात तीन माणसांना रक्त निघेपर्यंत मारलं. पहिल्या दोघांबद्दल त्याला कधी वाईट वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटायचं कारण नाही. दोघेही वायर कापायला आले होते; एक धंद्याच्या सुरुवातीला, दुसरा पुढे येतोच. तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायची तर थोडं मागून यावं लागेल.

ठाकूरद्वारच्या मागच्या अंगाला संतानवाडी. मधोमध क्रूस, भोवती लाकडी जिन्यांची दुमजली घरं आणि त्या घरांवर चहूबाजूंनी वाकून बघणाऱ्या चाळी. ब्याण्णव साली ऑस्वाल्डने समोरच्या शांतीनिवासच्या गच्चीवर केबल टीव्हीची छत्री बसवली आणि तिथून पहिली वायर खाली आणली ती थेट स्वतःच्या घरात. तेव्हा त्याच्याकडे ना धड कनेक्टर होते, ना ते दाबायची पक्कड. त्याने दातांनी वायर सोलली, तांब्याला तांबं पिरगळलं आणि वरून आईच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी गुंडाळली. पडद्यावर चित्र आलं तेव्हा अर्धी वाडी त्याच्या घरात बसली होती, आणि गच्चीवरून चंदू कोळी पुन्हा पुन्हा विचारत होता, "दिसतंय काय रे? आता दिसतंय काय?"

चंदू त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि धंद्यातला निम्म्याचा भागीदार. त्याची आई सखुबाई गिरगावच्या बाजारात मासळी विकायची. चंदूने दोन वर्षं मामाच्या बोटीवर काढली, जाळी ओढली, फाटलेली विणली, आणि मग समुद्राला रामराम ठोकून वायरीच्या मागे लागला. त्याची बोटं बघण्यासारखी होती. न बघता, दुसऱ्याशी बोलता बोलता तो असा जोड करायचा की ओढून तुटत नसे. ऑस्वाल्ड गिऱ्हाइकांशी बोलायचा, भांडायचा, वसुली करायचा. चंदू वर चढायचा. दहा वर्षं हे असं सुखाने चाललं होतं.

मग घराघरात इंटरनेटचं खूळ शिरलं. आधी ते टेलिफोनमधून यायचं. खर्र-किर्र आवाज व्हायचा, फोन तासन्‌तास एंगेज लागायचा, आणि गावाहून कुणाचा फोन येणार असला की घरात मारामाऱ्या व्हायच्या. दोन हजार तीनच्या सुमाराला लोक ऑस्वाल्डला विचारू लागले, केबलवरून नेट कधी देतोस? टेलिफोनवाले नवी जलद लाईन आणणार आहेत, तू नाही दिलंस तर आम्ही तिकडे जाऊ.

द्यायला तो एका पायावर तयार होता. पण त्याची केबल म्हणजे नळ होता, वरून खाली येणारा. इंटरनेटला खालून वरही जावं लागतं. म्हणजे गच्च्यांवरचे अठराच्या अठरा अँप्लिफायर बदला, मुख्य वायर बदला, तीनशे अकरा घरांतले जोड नवे करा. खर्चाचा आकडा ऐकून त्याच्या बायकोने, व्हायोलेटने, चालतं शिवणयंत्र थांबवलं. बँकेने तर दारातूनच वाटेला लावलं. शेवटी सखुबाईने हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून चंदूच्या पुढ्यात ठेवल्या, व्हायोलेटने लग्नाचे फ्रॉक शिवायच्या दुप्पट ऑर्डरी घेतल्या, आणि काम सुरू झालं.

आता रमाकांत. हा भोईवाड्याचा. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं लोण्यासारखं मऊ, आणि हाताखाली चार माणसं, जी बोलतच नसत. एका मोठ्या केबलवाल्यासाठी तो परळपासून गिरगावपर्यंतच्या छोट्या लाईनी विकत घेत फिरत होता. तो ऑस्वाल्डच्या ओट्यावर येऊन बसला, व्हायोलेटच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "ऑस्वाल्डभाई, हा खर्च तुमच्या-माझ्यासारख्यांचा नाही. लाईन आम्हाला द्या. नेटचं आम्ही बघू. तुम्ही वसुली करा, कमिशन घ्या, मजेत राहा."

"आणि नाय दिली तर?"

"तर काय. वायरी जुन्या झाल्या की तुटतात."

नव्या वायरी आठच दिवसांत तीन ठिकाणी तुटल्या. तुटल्या कसल्या, एका घावात कापलेल्या होत्या. ऑस्वाल्ड आणि चंदू तीन दुपारी शांतीनिवासच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. तिसऱ्या दुपारी रमाकांतचा माणूस कोयता घेऊन वर आला. ऑस्वाल्डने मागून त्याच्या मानेवर पाना हाणला. तो पडला नाही. गर्रकन वळला आणि त्याने कोयता ऑस्वाल्डच्या तोंडावर उगारला. मध्ये चंदू शिरला. त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला, आतलं पांढरं दिसलं. ते बघितल्यावर ऑस्वाल्डचं डोकंच फिरलं. त्याने त्या माणसाला टाकीच्या भिंतीवर आपटलं, खाली पडल्यावर तोंडावर लाथा घातल्या, आणि त्याचे दोन दात गच्चीच्या डांबरात रुतून बसले. ते पुढे बरेच दिवस तिथेच होते. चंदूला अकरा टाके पडले. इस्पितळातून येताना टॅक्सीत तो म्हणाला, "तुझं थोबाड तसं पण खराब हाय, कापलं असतं तर कळलं पण नसतं." दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पोलीस आले, लिहून घेऊन गेले, पुढे काही झालं नाही.

सप्टेंबरात नेट सुरू झालं आणि महिनाभर लोणी कापावं तसं चाललं. ऑस्वाल्ड छाती काढून वाडीत फिरू लागला. आणि ऑक्टोबरात कुणाची नजर लागली कोण जाणे, रोज संध्याकाळी सात वाजता नेट मरायचं आणि नऊला आपोआप जिवंत व्हायचं. टीव्ही ठणठणीत. फक्त नेट.

शांतीनिवासच्या तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोब्बर खाली, स्वरूप नावाचा तरुण राहायचा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायचं, टाईप करायचं आणि रात्री नऊच्या आत पाठवून द्यायचं, हे त्याचं काम. सात ते नऊ नेट नाही म्हणजे त्याच्या पोटावर पाय. पंधरा दिवस त्याने गोड बोलून पाहिलं. सोळाव्या दिवशी त्याने मोडेम उचलून ऑस्वाल्डच्या अंगावर फेकला. कोपरा भुवईवर लागला, रक्त डोळ्यात उतरलं. ऑस्वाल्डने त्याची कॉलर धरली, मूठ उगारली, आणि मग सोडून दिली. पोरगा बरोबर होता. "महिनाअखेरपर्यंत वाट बघतो," स्वरूप हुंदके देत म्हणाला. "नाहीतर सगळी बिल्डिंग रमाकांतकडे जाईल. तो फुकट जोडून देतो म्हणालाय."

नेटच्या केबलची एक खोड आहे. टीव्हीचं चित्र वरून खाली येतं, त्यामुळे एका घरात जोड सैल असला तर त्या एका घराला त्रास. पण नेट खालून वर जातं, आणि जाताना प्रत्येक घरातली घाण सोबत नेतं. कुणाच्या मिक्सरची, कुणाच्या पंख्याची खरखर एका उघड्या जोडातून वायरीत शिरते आणि वर पोचून सगळ्या वाडीचा गळा धरते. तीनशे अकरा घरांतला एक जोड. तो शोधायचे दोनच मार्ग. घरोघर जाऊन जोड बदलायचे, नाहीतर बिघाड चालू असताना गच्चीवर पेटी उघडून एकेक फाटा, म्हणजे तिथून घरांकडे जाणारी वायर, उपटून बघायचा. चुकीचा फाटा उपटला की ऐन मालिकेच्या वेळी त्या घरांचे टीव्ही जाणार आणि लोक अंगावर येणार. म्हणून त्यांनी पहिला मार्ग धरला. चंदूने डाव्या हाताची जखम अजून ओढत असताना तीनशे दहा घरांतले जोड आपल्या बोटांनी पुन्हा नवे केले.

"एकच ऱ्हायलंय," तो एका संध्याकाळी चाचरत म्हणाला. "तुझं. बघू काय?"

"माझं काय बघतोस? ती वायर मी माझ्या हाताने टाकलीय."

"म्हणून तर बोलतोय."

हे तो हसत म्हणाला होता. ऑस्वाल्डला ते झोंबलं. अकरा वर्षांपूर्वी ज्या वायरीवर हा सगळा धंदा उभा राहिला, तिच्यात खोट काढतो हा? "जा, आधी तुझ्या कामात बघ काय घाण करून ठेवलीयस ती," तो म्हणाला. चंदूने पक्कड खिशात घातली आणि तो गेला. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

माणसाच्या मनात किडा पडायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी रमाकांत ठाकूरद्वारच्या नाक्यावर भेटला आणि पानाची पिंक टाकून म्हणाला, "तुम्ही उगाच ताणताय, ऑस्वाल्डभाई. पार्टनरला विचारा. तो समजूतदार माणूस आहे." ऑस्वाल्डने त्याला आईवरून शिवी दिली. रमाकांत हसला. आणि त्याच आठवड्यात मासळीबाजारात ऑस्वाल्डने डोळ्यांनी पाहिलं: सखुबाईच्या पाटीजवळ रमाकांत उभा होता, त्याचा हात चंदूच्या खांद्यावर होता, आणि चंदू मान खाली घालून ऐकत होता.

सरळ जाऊन विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि ऑस्वाल्डच्या घराण्यात सगळे आधी हात उचलतात. तो घरी आला, जेवला नाही, आणि हिशेब जुळवत बसला. नेट मरतं गच्चीवरून. कोयत्याच्या प्रकारानंतर गच्चीला कुलूप लावलं, त्याची किल्ली दोघांकडेच. मी इथे आहे. मग तिथे कोण असतं?

महिना संपायला चार दिवस उरले असताना, सव्वासात वाजता, तो चपला हातात घेऊन शांतीनिवासचा जिना चढला. व्हायोलेट घरात शिवणयंत्रावर बसली होती. हात फ्रॉकवर, कान मालिकेवर. गच्चीचं दार उघडं होतं. टाकीच्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर अँप्लिफायरची पेटी होती, तिचं बिडाचं जड झाकण बिजागरीवर वर केलेलं होतं, आणि चंदू उकिडवा बसून, तोंडात बॅटरी धरून, उजवा हात मनगटापर्यंत आत घालून काहीतरी उपटत होता.

ऑस्वाल्डला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं.

त्याने हाक मारली नाही. धावत जाऊन त्याने झाकणावर लाथ घातली. झाकण चंदूच्या हातावर मिटलं, आणि ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. बॅटरी तोंडातून पडली. चंदू ओरडलासुद्धा नाही, त्याने फक्त वर बघितलं आणि म्हणाला, "ऑस्या, मी हाय रे. मी." त्याला वाटलं, अंधारात ओळखलं नाही.

पहिली लाथ रागाची होती, ती एक वेळ सोडून देऊ. दुसरीच्या आधी ऑस्वाल्डला श्वास घ्यायला वेळ मिळाला होता, समोरचा कोण ते माहीत होतं, आणि तरी त्याने टाच झाकणावर हाणली, सगळ्या वजनाने. मग तिसरी. "किती घेतलेस?" तो म्हणत होता. "किती घेतलेस त्याच्याकडून?" आता चंदू गुरासारखा ओरडला. त्याने सगळा जोर लावून हात खेचला. हात बाहेर आला तो आपला आकार सोडूनच, आणि चेंगरलेल्या बोटांत अडकलेली एक वायर पेटीतून तुटून सोबत आली.

तेवढ्यात खालच्या खिडकीतून, कानांना हेडफोन लावून बसलेल्या स्वरूपचा आवाज आला. आनंदाने फुटलेला.

"आलं. चंदूदादा, आलं नेट. कुठला फाटा काढलात हो? हाच होता, हाच. काल म्हणालात ना, एकच उरलाय म्हणून."

ऑस्वाल्डचा पाय हवेतच राहिला.

समोर, गल्लीपलीकडे, त्याच्या स्वतःच्या घराच्या खिडकीत व्हायोलेट येऊन उभी राहिली आणि गच्चीकडे बघत तिने हाक मारली, "ऑस्वाल्ड, तू वर आहेस काय? टीव्ही गेला बघ आपला."

चंदू भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या मांडीवर त्याचा उजवा हात होता आणि त्या हातात ती वायर होती: काळी, जुनी, उन्हाने तडकलेली, आता रक्ताने ओली. बाकी सगळ्या वायरी नव्या आणि पांढऱ्या होत्या. या रंगाची वायर अख्ख्या वाडीत एकच होती.

"तुला राग येल म्हणून नाय बोललो," चंदू म्हणाला. "आज काढून गपचूप नवी टाकनार होतो." आणि त्याची शुद्ध हरपली.

ऑस्वाल्डने त्याला खांद्यावर घालून तीन मजले उतरवलं. सरकारी इस्पितळात चंदूला आत नेल्यावर तो कपडे आणायला म्हणून घरी आला. शर्ट रक्ताने कडक झाला होता. व्हायोलेटने तो बघितला आणि ती भिंतीला सरकली.

"हे मशीन इथे कधी आणलंस?" त्याने विचारलं.

"या महिन्याच्या सुरुवातीला. आत उजेड नाही मिळत ना. आणि टीव्ही पण दिसतो." तिने शर्टाकडे बोट केलं. "कोणाचं रक्त आहे ते?"

तो टीव्हीच्या मागे वाकला. यंत्राची मोटर भिंतीला चिकटून होती, तिच्यापासून वीतभर अंतरावर तो जोड होता. चिकटपट्टी कधीच गळून गेली होती. पिरगळलेलं तांबं उघडं पडलं होतं, हिरवं झालं होतं, आणि सोललेल्या कडेवर त्याच्या स्वतःच्या दातांच्या खुणा अजून दिसत होत्या. केबलचा खर्च भागवायला व्हायोलेट रोज सात ते नऊ शिवत होती, आणि ती पायाने पेडल दाबायची तेवढा वेळ मोटरची खरखर या जोडातून वर चढून तीनशे घरांचं नेट मारत होती. त्याने जोड मुठीत धरला आणि भिंतीतल्या खिळ्यांसकट उपटून काढला. मग तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. लाज वाटली त्याला, जिवंत राहायची लाज वाटली.

इस्पितळात पोलीस येऊन गेले होते. चंदूने सांगितलं, गच्चीवर पाय घसरला, झाकण पडलं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. उरलेली राहतील, पण मिटणार नाहीत, असं ते म्हणाले.

पाच दिवस ऑस्वाल्ड वॉर्डच्या दारापर्यंत जाऊन परत येत होता. सहाव्या दिवशी तो आत गेला. सखुबाई खाटेवर बसून चंदूला जेवू घालत होती. छत्तीस वर्षांचा बाप्या मुलगा, आणि ती भातात कालवण कालवून, काटे काढून, एकेक घास त्याच्या तोंडात देत होती. तिच्या मनगटांवर पाटल्यांच्या जागी फिकट वळ होते. तिने ऑस्वाल्डकडे बघितलं आणि पुन्हा ताटात बघितलं.

"मावशी," तो म्हणाला.

"सोनं गेलं त्याचा काय नाय," ती म्हणाली. "पन ह्यो त्याचा जेवाचा हात होता."

चंदूने घास गिळला. "लाईन कशी हाय?"

"चांगली आहे. एक कंप्लेंट नाय. स्वरूप विचारत होता तुला." "चंदू, मी... तुला त्याच्याबरोबर बघितलं. बाजारात. मला वाटलं..."

"रोज यायचा तो. बोलायचा, हिस्सा दे तुझा, आईच्या पाटल्या दुप्पट करून देतो. मी रोज नाय बोलायचो. तू बघितलंस तवा पन नायच बोललो." चंदू शांतपणे बोलत होता, गिऱ्हाइकाला बिल समजावून सांगावं तसं. "काल इथं आलेला. कागद घेऊन. या हाताने सही होईना, म्हणून डाव्या हाताने केली."

ऑस्वाल्डला आधी कळलंच नाही. मग कळलं. निम्मी लाईन रमाकांतची झाली म्हणजे सगळी झाली. उद्या तीच चार माणसं गच्चीवर येतील, आणि या वेळी त्यांच्याकडे किल्ली असेल.

"का, चंदू?"

"त्याच्यासाठीच मारलंस ना मला? मग मार खाऊन पन त्याला नायच बोलत ऱ्हायचं, ते काय बरोबर नाय."

सखुबाईने पुढचा घास कालवला. चंदूने तोंड उघडलं. त्याचा डावा हात चादरीवर पडला होता, कोपरापासून मनगटापर्यंत कोयत्याचा व्रण असलेला. ऑस्वाल्ड खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.